टाकीतली पांढरी मुळं

१

टाकीचा खालचा नळ उघडला आणि बाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

नळातून लाल रस यायला हवा होता. आला तो पाणचट, पिवळसर. बाईंनी मान हलवून खूण केली, इंजिनिअरनं झाकणाचे बोल्ट सैल केले, पोलादी झाकण साखळीवर वर गेलं आणि सगळेजण कडेला ओणवे झाले. आत जाळीच्या टोपल्या होत्या आणि टोपल्यांत मुळंच मुळं. केसांचा गुंता व्हावा तशी, एकात एक अडकलेली, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरीफटक.

भाजलेल्या रुग्णांच्या विभागाचे डॉक्टर खास या दिवसासाठी आले होते. त्यांनी एकदा टाकीकडे आणि एकदा बाईंकडे पाहिलं. "म्हणजे मलम...?"

"नाही," बाई म्हणाल्या. "यातून काहीच निघणार नाही."

एवढं बोलून त्या बाकावर बसल्या. त्यांना असं बसलेलं त्या इमारतीत कोणी पाहिलं नव्हतं.

कोपऱ्यात काठीवर भार देऊन वन्सं उभ्या होत्या. वन्सं म्हणजे बाईंची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. उभी हयात पोलिसांच्या बोटांच्या ठशांच्या विभागात गेलेली. निवृत्त झाल्यावर गुडघ्याच्या उपचारासाठी भावाकडे राहायला आल्या, आणि घरात बसून कंटाळा येतो म्हणून रोज वहिनीबरोबर प्रयोगशाळेत यायला लागल्या. बाई त्यांना वन्सं म्हणायच्या, म्हणून तिथलं सगळं जगच वन्सं म्हणायला लागलं. इंजिनिअरसुद्धा. नणंद हा काय प्रकार असतो ते त्याला फक्त स्वतःच्या बायकोच्या तक्रारींतून ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर वहिनीचं काम वन्संना कधी नीट उमगलं नव्हतं. झाड नाही, माती नाही, ऊन नाही, आणि ही बाई म्हणे मुळं वाढवते! सुरुवातीला त्यांनी विचारलंही होतं, "वहिनी, ज्याला झाडच नाही ते मूळ कशाचं गं?"

तेव्हा बाईंनी त्यांना समोर बसवून समजावलं होतं. तांबडमुळी नावाची एक डोंगरातली वनस्पती. तिच्या मुळांत एक लाल द्रव्य असतं, भाजलेली कातडी त्यानं सुरेख भरून येते. पण मुळासाठी अख्खं झाड उपटावं लागतं, आणि लोकांनी इतकं उपटलं की डोंगर मोकळे झाले. उरल्यासुरल्या उतारावर दगडाची खाण आली. बाईंनी तिथून शेवटचं एक रोप आणलं. त्याच्या पानाला बारीक जखम केली आणि मातीतला एक जंतू त्या जखमेला लावला. हा जंतू मोठा चमत्कारिक. तो झाडाच्या पेशीत स्वतःचा थोडा वारसा सोडून जातो, आणि मग त्या जखमेतून नुसती मुळंच फुटत राहतात. ती मुळं तोडून गोड रसात ठेवली की झाडावाचून वाढतात, वर्षानुवर्षं वाढतात. फक्त त्यांना दुसरा जंतू लागता कामा नये.

"आणि लाल कधी होतात?"

"आधी त्यांना भरपेट जेवू घालायचं. पहिला रस. त्यात ती वाढतात, पण पांढरीच राहतात. मग तो रस काढून दुसरा द्यायचा. त्यात नत्राची एक जात मुद्दाम ठेवत नाही आम्ही. मुळांना कळतं, आता हात आखडता घ्यायला हवा. मग वाढ थांबते आणि अंधारात ती लाल व्हायला लागतात."

आता त्याच वहिनी बाकावर बसून डॉक्टरांना सांगत होत्या, "कधीकधी असं होतं. वर्षानुवर्षं वाढवलं की वाण थकतो. मूळ जगतं, पण औषध करायचं विसरतं. आमची मुळं थकली, डॉक्टर." मग टाकीकडे न बघताच त्या म्हणाल्या, "टाका सगळं वाफेत."

वन्सं काठी टेकत टाकीपाशी गेल्या. जाळीच्या भोकाभोकांतून मुळं बाहेर आली होती, एकमेकांना रेटत होती, काही ठिकाणी तर त्यांनी टोपलीची तार वाकवली होती. वन्संनी बोटानं एक मूळ दाबून पाहिलं. चांगलं टरटरीत.

"वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "थकलेलं माणूस इतकं अंग धरतं का गं?"

बाईंनी मान वर केली.

२

डॉक्टर कचेरीत जाऊन बसले. वन्संनी कोणाला न विचारता एक खुर्ची सामानाच्या खोलीत ओढली आणि एकेकाला आत बोलावलं. निवृत्त बाईला हा अधिकार कोणी दिला, असं कोणाच्या मनातही आलं नाही. त्यांच्या आवाजाचीच तशी सवय होती.

पहिल्या आल्या आक्का. मूळ कापून एका फ्लास्कमधून दुसऱ्यात नेण्याचं काम बाई आणि आक्का, दोघीच करायच्या. त्या स्वच्छ हवेच्या कपाटापुढे बसल्या की चिमट्याचं टोकसुद्धा हललेलं दिसायचं नाही. वन्संनी सवयीनं आधी बोटं पाहिली. स्वच्छ, स्पिरिटनं कोरडी पडून भेगाळलेली.

"रस कोण करतं?"

"मीच. दोन्ही रस मीच करते."

"दुसऱ्या रसात चूक झाली असेल?"

आक्कांचा आवाज चढला. "प्रत्येक घाण्यातली एक बाटली मी सील करून बाजूला ठेवते. कोणी बोट दाखवलं तर दाखवायला. तपासा की!"

वन्संनी ती बाटली केमिस्टकडे पाठवली. थोड्या वेळानं केमिस्ट स्वतःच घेऊन आला. उंच, वाकलेला, शब्दाला महाग. सगळे त्याला थेंब म्हणत. त्याची बोटं टोकाला तांबूस होती, ते स्वाभाविक होतं. लाल द्रव्य मोजणं हेच तर त्याचं काम.

"बाटलीतला रस बरोबर आहे," तो म्हणाला. "दुसराच रस आहे."

"आणि टाकीतला?"

त्यानं बाटली खाली ठेवली. "आत्ताच तपासला. टाकीत पहिला रस आहे. भरपेटवाला."

"म्हणजे मुळांचं जेवण कधी बंदच झालं नाही."

"नाही."

"मग तुम्ही इतके दिवस बाईंना काय सांगत होता? रसात लाली चढत चाललीय म्हणून?"

थेंबाचे कान लाल झाले. "कारण चढत होती. दर वेळी आलेला नमुना मी मोजला. प्रत्येक नमुन्यातलं थोडं फ्रिजमध्ये शिल्लक आहे. मी खोटं बोललो नाही, वन्सं." मग अगदी हळू आवाजात, "पण टाकी पाहिल्यावर माझ्यावर कोण विश्वास ठेवेल, हेही मला कळतंय."

"नमुने तुमच्याकडे आणायचं कोण?"

"बुडबुडे."

बुडबुडे म्हणजे इंजिनिअर. टाकी त्यानंच उभी केली होती. हवा किती सोडायची, बुडबुडा केवढा हवा, मोठा झाला तर मुळांना कसा मार बसतो, यावर तो जेवणाच्या सुट्टीत इतकं बोलायचा की नाव आपोआप पडलं. गडी हुशार, हसतमुख. सकाळी पायऱ्या चढताना त्यानंच वन्संना हात दिला होता. तो आत आला, आणि वन्संची नजर पुन्हा सवयीनं बोटांवर गेली. उजव्या हाताच्या नखांच्या कडा जांभळ्या होत्या.

"हे काय लागलंय?"

त्यानं हात पाहिला आणि हसला. "पायपांना खुणा करत होतो. मार्कर फुटला."

"टाकीतला रस बदलला होतास ना?"

"म्हणजे काय! जुना काढला, नवा भरला. आक्कांनी दिला तो भरला. आता त्यांनी कुठला दिला ते त्यांना विचारा."

"आणि नमुने?"

"खालच्या नळातून काढायचे आणि थेंबसाहेबांना द्यायचे. त्यातून लाली कुठून निघाली ते त्यांना विचारा." तो जरा पुढे झुकला. "वन्सं, तुम्ही घरच्या म्हणून सांगतो. मुळं थकलीत. मी बाईंना कधीपासून सांगतोय. हवेचा दाब सारखा वाढवावा लागत होता, इतका गच्च गुंता झाला होता आत. जुनी पद्धत आहे ही, मुळं बुडवून ठेवायची. बाई ऐकत नाहीत."

वन्संनी मान हलवली. दाब वाढवावा लागत होता, म्हणजे मुळं वाढत होती, आणि हे या गड्याला ठाऊक होतं. वाढ थांबायला हवी असताना ती थांबली नाही, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही.

पुढचा प्रश्न त्यांच्या ओठावर होता, तेवढ्यात बाहेरून आक्कांची किंकाळी आली.

वाफेच्या यंत्राला तिथले लोक कुकर म्हणत. आक्कांनी त्याचं दार उघडलं होतं आणि आतून ढगासारखी वाफ बाहेर पडत होती. आत टोपलीत ओळीनं फ्लास्क होते. त्यांतली मुळं शिजून तपकिरी झाली होती.

ती टाकीतली मुळं नव्हती. ते मूळ वाणाचे फ्लास्क होते, ज्यांतून सगळं सुरू व्हायचं. सगळेच्या सगळे.

"बाईच म्हणाल्या ना," इंजिनिअर वन्संच्या मागे येऊन पुटपुटला, "टाका सगळं वाफेत. मला वाटलं, सगळं."

३

बाई रडल्या नाहीत. त्यांनी एक फ्लास्क हातरुमालात धरून बाहेर काढला, उजेडात फिरवून पाहिला आणि परत ठेवला.

"मी टाकीबद्दल म्हणत होते," त्या म्हणाल्या. "पण म्हणाले खरी."

वन्संनी त्यांना त्यांच्या खोलीत नेलं, दार लोटलं. "टाकीतली आहेत ना अजून? पांढरी का होईनात, जिवंत आहेत."

"झाकण उघडलं, वन्सं. बाहेरची हवा लागली. आतल्या गोड रसात बुरशी आणि जंतू असे माजतात की दोन दिवसांत सगळं कुजेल. इतक्या गुंत्यातून स्वच्छ तुकडा काढता येत नाही. आम्ही आधी कधी करून पाहिलं नाही असं नाही."

"दुसरीकडे कुठे ठेवली नव्हतीस?"

"एका विद्यापीठात दिली होती. त्यांच्याकडे वीज गेली आणि मुळंही गेली." बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "ते रोप आणलं ना, तेव्हा खाणीची माणसं खाली उभी होती. पाच मिनिटं द्या म्हटलं. हातानं माती उकरली. पानाच्या जखमेकडे बघत रात्री जागून काढल्या. पहिलं मूळ फुटलं तेव्हा तुमच्या दादांना उठवून दाखवलं, तर ते म्हणाले, केस आहे तो, पुसून टाक." त्या हसल्या, मग हसू विरलं. "डॉक्टरांच्या वॉर्डात एक भट्टीवाली आहे. दोन्ही हात. तिला मी स्वतः सांगून आले होते, येतंय म्हणून."

नणंद-भावजयीत एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. सणासुदीला भेटायचं, तब्येत विचारायची, इतकंच. वन्संना वाटलं, आपण इतकी वर्षं गुन्हेगारांच्या बोटांवरच्या रेषा भिंगातून पाहिल्या, आणि घरातलं माणूस साध्या डोळ्यांनीही नीट पाहिलं नाही. केसाएवढ्या मुळावर हिनं जीव लावला, आणि त्यातून अनोळखी माणसांची कातडी परत आणायला निघाली. अशी बाई आपल्या घरात आहे.

त्या उठल्या आणि थेट थेंबाच्या खोलीत गेल्या.

"ते फ्रिजमधले नमुने काढा."

त्यानं बाटल्या ओळीनं मांडल्या. पहिली फिकट गुलाबी, मग हळूहळू गडद, शेवटची डाळिंबाच्या दाण्यासारखी.

"यात बाजारातला रंग मिसळला असेल तर?"

"तेच पाहायचं असतं मला," थेंब म्हणाला. आपल्या विषयावर आला की त्याला शब्द सुचायचे. त्यानं शेवटच्या बाटलीतला थोडा रस काचेच्या बशीत घेतला, त्यात सोड्याच्या पाण्याचा एक थेंब सोडला. लाल रंग क्षणात सरकला, जांभळा झाला आणि मग निळा. "क्षार लागला की तांबडमुळीचं द्रव्य असं निळं होतं. तेवढ्यानं भागत नाही, म्हणून मी यंत्रावरही पाहिलं. हे आपलंच आहे. दुसरं काही असूच शकत नाही."

वन्सं बशीकडे बघत राहिल्या. "साबण म्हणजे क्षारच ना?"

"हो. माझे हात पाहा ना. मी साबण लावतच नाही, स्पिरिटनं पुसतो. साबण लावला की नखं जांभळी."

वन्सं खुर्चीत सावकाश बसल्या. सकाळी पायऱ्यांवर त्यांनी बुडबुड्याचा हात धरला होता, आणि तो हात पाहिलाही होता. स्वच्छ होता. त्यानंतर तो फाटकाबाहेर पडला नव्हता. टाकीत लाल थेंबही नव्हता. मग मधल्या वेळात या माणसाची बोटं लाल कुठे झाली?

"थेंबसाहेब," त्या अगदी हळू म्हणाल्या, "दार लावा. तांबडमुळी मेलेली नाही. ती याच आवारात कुठेतरी आहे, आणि चांगली लालबुंद आहे."

४

आता खरी पंचाईत होती. बुडबुड्याला दरडावलं, आणि त्यानं घाबरून ती मुळं मोरीत ओतली तर? जगात उरलेली सगळी तांबडमुळी त्या एका माणसाच्या हातात होती. वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा चोर समोर असून तोंड मिटून घेतलं.

थेंबाखेरीज त्यांनी फक्त बाईंना सांगितलं, आणि आक्कांना एवढंच, की बुडबुड्याला टाकीपासून हलू देऊ नका. बाईंनी ऐकलं आणि ओढणीनं चेहरा पुसला. मग त्या सरळ इंजिनिअरकडे गेल्या आणि थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरांना ही टाकी कशी चालते ते सविस्तर सांग. पुढच्या वेळी नवी बांधायची तर कशी बांधावी, तेही सांग. मला नाही बोलवत." हे नाटक होतं, पण अर्धंच. बुडबुडे खुलला. डॉक्टरांना घेऊन तो टाकीपाशी गेला आणि हातवारे करू लागला.

वन्सं आणि बाई मागच्या अंगणात कॉम्प्रेसरच्या शेडपाशी आल्या.

"मुळांना हवा लागते ना?" वन्सं म्हणाल्या. "सारखी?"

"सारखी. थोडा वेळ बंद पडली तरी गुदमरतात."

"आणि हवा येते ती इथून. टाकीकडे जाणारी हवा आत्ता बंद आहे?"

"झाकण उघडण्याआधीच बंद केली."

"मग हे यंत्र कोणासाठी धापा टाकतंय?"

दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. कॉम्प्रेसर थांबला. जरा वेळ शांतता. मग तो पुन्हा धडधडत सुरू झाला. कोणीतरी हवा पीत होतं.

वन्संनी काठी बाईंच्या हातात दिली आणि भिंतीला धरून पायपावर कान ठेवला. मुख्य पाइप सरळ इमारतीत जात होता. पण शेडच्या मागे, रंगाचे रिकामे डबे रचून ठेवले होते तिथे, एक बारीक नळी फुटली होती आणि रंग ठेवायच्या जुन्या कोठीच्या भिंतीत शिरली होती. कोठीला खिडकी नव्हती. दाराला नवं कुलूप होतं.

"किल्ली त्याच्याकडे असेल," बाई कुजबुजल्या.

"तीस वर्षं पोलिसांत काढली आहेत मी," वन्सं म्हणाल्या. "किल्ली लागत नाही." त्यांनी डब्यांपाशी पडलेली लोखंडी पट्टी कडीच्या मागे घातली आणि दोन झटक्यांत कडीचे स्क्रू उपटले. गुडघा कळवळला. त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

आत अंधार होता आणि उबदार, ओलसर वास. बाईंनी मोबाइलचा उजेड हातानं झाकून, अगदी बारीक फट ठेवून पुढे धरला.

काचेचं एक उभं नळकांडं. आत जाळीचे मजले. त्यांवर मुळं मोकळी पसरली होती, रसात बुडवलेली नव्हती. वरून बारीक तुषार येत होते, धुक्यासारखे, आणि मुळांच्या टोकाटोकावर थेंब धरत होते. सगळी मुळं लाल. टाकीतून आजवर कधी निघाली नव्हती इतकी लाल, काळसरपणाकडे झुकलेली, आणि तळाला साठलेला रस माणिक वितळवल्यासारखा.

वन्सं बाईंकडे पाहत होत्या. बाई ओरडतील, रडतील, देवाचं नाव घेतील, काहीतरी होईल असं त्यांना वाटलं होतं. बाई गुडघ्यावर बसल्या आणि काचेला गाल लावल्यासारखा करून किती तरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"किती सुंदर बांधलंय त्यानं," त्या म्हणाल्या.

मागे दारात सावली पडली. बुडबुडे उभा होता. त्याच्या मागे डॉक्टर, आणि धापा टाकत आलेल्या आक्का. "मी अडवत होते, वन्सं, ऐकलं नाही!"

त्याची नजर वन्संवर नव्हती. ती हवेच्या नळीच्या तोटीवर होती, आणि तोटी त्याच्या हाताच्या अंतरावर होती.

५

"हात लावू नकोस," वन्सं म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आधी ऐकून घे. माझं चुकलं तर सांग."

तो थांबला.

"मुळं थकली असती तर वाढली नसती. ती जेवत होती, कारण त्यांचं जेवण तू बंदच केलं नाहीस. टाकी भरताना थोडी मुळं बाजूला काढलीस, आक्कांनी दिलेला दुसरा रस त्यांच्यासाठी इथे आणलास आणि टाकीत पुन्हा पहिलाच भरलास. आक्कांच्या हातून रस चुकला असता तर सील केलेल्या बाटलीतही पहिलाच रस निघाला असता. त्याच घाण्यातली होती ती."

आक्कांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला.

"मग राहिले थेंबसाहेब. मुळं थकली असं ज्याला भासवायचं आहे, तो लाली चढतेय असं कशाला सांगेल? त्यानं खरं तेच सांगितलं. त्याच्या हाती येणारा रस खरंच लाल होता, फक्त तो टाकीतला नव्हता. तो इथला होता. कारण टाकीतला फिका रस त्याला आधीच दिला असता, तर वहिनीनं चूक हेरून चार दिवसांत दुरुस्त केली असती. तुला झाकण उघडेपर्यंत वेळ हवा होता. आणि आज सगळ्यांचे चेहरे पडलेले असताना तू इथे येऊन आपली मुळं पाहून गेलास. हात लाल झाले ते साबणानं धुतलेस. मार्कर फुटला म्हणालास मला."

बुडबुड्यानं नखांकडे पाहिलं. त्याचे खांदे एकदम खाली आले.

"दोन वर्षं," तो बाईंना म्हणाला. "दोन वर्षं मी तुम्हाला सांगत होतो, धुक्यावर वाढवू या. तुम्ही म्हणायचात, जे चालतंय ते चालू दे, वॉर्डातली माणसं थांबलीत. तुमची टाकी चालली असती तर माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. मला ते विकायचं नव्हतं. टाकी फसली की तुम्ही हताश व्हाल, मग मी हे पुढे करीन, आणि तुम्ही सगळे..." त्याला पुढचा शब्द सापडला नाही.

"आणि फ्लास्क?" बाईंनी विचारलं. "ते का शिजवलेस?"

त्यानं मान खाली घातली. "म्हणजे मग माझ्याकडेच यावं लागलं असतं."

डॉक्टर पुढे झाले. ते म्हणाले, "ही पाइपाची तोटी फिरली असती, किंवा तुमचा एक पंप बंद पडला असता, तर माझ्या वॉर्डात पुढची कित्येक वर्षं कोणाला हे मिळालं नसतं. तुमच्या लक्षात येतंय?"

बुडबुड्यानं मान हलवली. तो तोटीपासून बाजूला झाला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला.

वन्संनी बाईंकडे पाहिलं. पोलिसांत तक्रार द्यायची की नाही, हे ठरवणं त्यांचं काम नव्हतं. बाईंनी फार वेळ घेतला नाही.

"तक्रार मी देणार," त्या म्हणाल्या. "फ्लास्क शिजवलेस, त्याला क्षमा नाही. पण आधी ऊठ. तुषाराचं तोंड चोंदत नाही ते कसं? आमच्या रसात साखर आहे, चोंदायलाच हवं."

त्यानं अविश्वासानं वर पाहिलं.

"ऊठ म्हणते ना! आक्का, कपाट सुरू करा. या मुळांची टोकं आजच्या आज वेगळ्या फ्लास्कमध्ये जायला हवीत. आणि एक संच डॉक्टरांबरोबर रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, एक थेंबसाहेबांच्या ओळखीच्या ठिकाणी. यापुढे कुठेच एकटं मूळ राहणार नाही."

मग जे झालं ते वन्संना जन्मभर पाहिलेल्या कुठल्याही कबुलीजबाबापेक्षा वेगळं वाटलं. गुन्हेगार उभा राहून शिकवत होता आणि जिचं त्यानं नुकसान केलं ती समोर बसून शिकत होती. तुषाराच्या तोंडाऐवजी आवाजाच्या लहरी देणारी चकती बसवली आहे, छिद्र नाहीच, म्हणून चोंदत नाही. धुकं सतत नाही सोडायचं, मधे मुळांना श्वास घेऊ द्यायचा. बोलताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याचं त्याला भान नव्हतं. बाई मधेच अडवत होत्या, उलट प्रश्न करत होत्या, एकदा तर "वा!" असं त्यांच्या तोंडून निघूनही गेलं. पलीकडे आक्का कपाटापुढे बसल्या होत्या. चिमट्यात केसाएवढं लाल टोक, हात स्थिर, फ्लास्कचं तोंड ज्योतीवरून फिरवलं, टोक आत, बूच बंद. मग पुढचं. वन्संनी पहिल्यांदाच ते शेजारी उभं राहून नीट पाहिलं.

संध्याकाळी थेंबानं अहवाल टाइप केला. नव्या पात्राची रचना कोणाची, या ओळीत काय घालायचं, ते त्यानं विचारलं.

"त्याचं नाव घाला," बाई म्हणाल्या. "पूर्ण नाव. त्यानंच केलंय."

त्यानंतर त्यांनी शेजारचा कागद ओढला, तक्रार वाचली आणि त्याच पेनानं तिच्यावर सही केली.

पोलिसांची गाडी फाटकात उभी होती. वन्संच्या ओळखीच्या हवालदारानं दार उघडून धरलं. बुडबुडे पायऱ्या उतरला, गाडीपाशी गेला आणि परत वळला. आत चढायला तो तयार नव्हता असं नाही, पण काहीतरी त्याच्या जिवाला लागलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "चकती गरम झाली की धुकं पातळ पडतं. लगेच कळत नाही. मुळं सुकायला लागल्यावर कळतं. तेव्हा काय करायचं ते सांगायचं राहिलं."

बाई वरच्या पायरीवर उभ्या होत्या, हातमोजे अजून तसेच होते.

"मग मी येईन विचारायला," त्या म्हणाल्या. "तिथे भेटू देतात. सांगशील ना?"

त्यानं मान हलवली, आणि गाडीत बसला.